कागदाची ज्योत, कामाची शिकवण



ऑक्टोबर लागला की आपल्या घरात आग दोन वाटांनी येते. घाबरू नका, दोन्ही आगी गोजिरवाण्याच आहेत! एक येते मुलांच्या दप्तरातून. लाल पुठ्ठ्याचा फायर ट्रक, नारिंगी कागदाची ज्योत, फायरमनची टोपी असं काही ना काही शाळेतून घरी येतं. दुसरी येते आपल्या पिशवीतून. डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी, पोहे, चकलीची भाजणी घ्यायला गेलेले आपण पणत्या, वाती आणि आकाशकंदील घेऊन परततो. पटेल ब्रदर्सनं १९७४ साली याच रस्त्यावर आपलं पहिलं दुकान उघडलं. तेव्हापासून शिकागोच्या आसपासच्या किती घरांतली दिवाळी या रस्त्यावरून गेली असेल, त्याची मोजदादच नको.

मग काय होतं? कागदाची ज्योत आठवडाभर फ्रिजवर मिरवते आणि नंतर रिसायकलच्या डब्यात जाते. खरी पणती मात्र देवघरात, दारात, खिडकीत लागते. या दोन आगींची एकमेकींशी ओळख कुणी करून द्यायची? आमच्या बालविभागात हाच प्रश्न निघाला. मुलं कापाकापी आणि चिकटवाचिकटवी तर आनंदानं करतातच. मग त्याच कात्री-कागदातून आगीच्या वेळी काय करायचं हे त्यांच्या हाताला शिकवता येईल का? येतं, असा आमचा अनुभव आहे. ते कसं, हे या लेखात सांगायचं आहे. या पुस्तिकेतून जमणारी रक्कमही याच कामी लागणार आहे, तेव्हा ती कशासाठी हेही तुम्हाला कळायला हवं, नाही का?

ऑक्टोबरच का?

शाळांमध्ये ऑक्टोबरातच फायर ट्रक का बनवतात, याचं उत्तर आपल्या शिकागोतच आहे. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री डिकोव्हन स्ट्रीटवरच्या ओलिअरी कुटुंबाच्या गोठ्याजवळ आग लागली. ती १० तारखेपर्यंत जळत राहिली. सुमारे ३०० माणसं गेली, सुमारे १७,५०० इमारती जळाल्या आणि १ लाख लोक बेघर झाले. त्या आठवणीसाठी ९ ऑक्टोबर ज्या आठवड्यात येतो, तो आठवडा अमेरिकेत आग प्रतिबंधक सप्ताह म्हणून पाळतात. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२५ साली त्याला राष्ट्रीय सप्ताह म्हणून जाहीर केलं. म्हणजे आपल्या मुलांच्या दप्तरातला तो लाल ट्रक आपल्याच गावाच्या आगीतून निघालेला आहे!

ओलिअरीबाईंच्या गायीनं कंदिलाला लाथ मारली आणि शहर जळालं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी नाही. मायकल अहर्न नावाच्या बातमीदारानं ती आपण रचल्याचं पुढे १८९३ मध्ये कबूल केलं, आणि शिकागोच्या नगरपरिषदेनं १९९७ साली बाईंना आणि गायीला दोषमुक्त केलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. गायीला न्याय मिळाला म्हणून टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबल्या की आम्ही विचारतो, "मग आग एवढी पसरली कशामुळे?" उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नव्हता, घरं लाकडाची, फुटपाथसुद्धा लाकडाचे, वारा जोराचा, आदल्या रात्रीच्या मोठ्या आगीनं थकलेले बंबवाले, आणि पहारेकऱ्यानं सुरुवातीला सांगितलेली चुकीची जागा. गाय एक आणि कारणं पाच! आग कुणा एका दुष्टामुळे पसरत नाही, लहानलहान गोष्टी जुळून आल्या की पसरते, हा पहिला धडा मुलांना इथेच मिळतो.

आपलीही एक तारीख आहे

अशी तारीख आपल्या मुंबईलाही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकंही होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आजीआजोबांच्या पिढीतल्या काहींना तो आवाज घरच्यांच्या तोंडून ऐकून माहीत असतो. म्हणून आम्ही मुलांना दोन्ही तारखा सांगतो. ऑक्टोबर शिकागोचा, एप्रिल मुंबईचा. वर्षातून दोनदा उजळणी आपोआप होते.

हस्तकलेनं काय शिकवावं?

आग म्हणजे काय हे मुलांना माहीत असतं. ती लागल्यावर काय करायचं हे माहीत नसतं. लहान मूल घाबरलं की लपतं. पलंगाखाली, कपाटात, आईच्या साड्यांच्या मागे. डोळ्यांसमोरून आग गेली म्हणजे आग गेली, असं त्याला वाटतं. शोधायला आलेल्या बंबवाल्याला हेच सगळ्यात अवघड जातं. शिवाय आजच्या घरांत फोम, प्लास्टिक, सिंथेटिक कापड भरपूर. ते झपाट्यानं पेटतं आणि धूरही विषारी. आग लागल्यावर सुखरूप बाहेर पडायला कधीकधी जेमतेम दोन मिनिटं मिळतात, असं इथले तज्ज्ञ सांगतात. दोन मिनिटांत विचार होत नाही. जे अंगवळणी पडलंय तेच होतं.

सराव का हवा, हे शिकागोनं फार मोठी किंमत देऊन शिकलंय. १ डिसेंबर १९५८ ला शहराच्या पश्चिम भागातल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स या शाळेला आग लागली. जिने उघडे होते, त्यातून धूर वरच्या मजल्यावर चढला. धोक्याची घंटा उशिरा वाजली. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका जोगिणी दगावल्या. त्यानंतर देशभरातल्या शाळांचे नियम कडक झाले. आज आपली मुलं शाळेत फायर ड्रिलला रांगेनं बाहेर येतात, त्यामागे त्या ९५ जणांचं जाणं आहे. शाळेत ड्रिल होतं, पण घरी? बहुतेक घरांत एकदाही झालेलं नसतं.

म्हणून आम्ही एक साधा नियम केला. जी वस्तू बनवून फक्त भिंतीवर लावायची, ती आमच्या वर्गात नको. प्रत्येक वस्तूनं मुलाला एक कृती करायला लावली पाहिजे. रांगायला, लोळायला, दार चाचपायला, नाहीतर मोजायला. आणि ती कृती घरी जाऊन मोठ्यांना दाखवता आली पाहिजे. अशा सात वस्तू आम्ही एका खोक्यात बसवल्या आहेत. चला, खोकं उघडू या.

खोक्यातल्या सात वस्तू

१. अग्नीचा त्रिकोण. आइस्क्रीमच्या तीन काड्या घ्यायच्या. एकीवर लिहायचं "उष्णता", दुसरीवर "जळण", तिसरीवर "हवा". टोकाला टोक लावून त्रिकोण उभा करायचा आणि मध्ये पतंगी कागदाची ज्योत अडकवायची. आता कुठलीही एक काडी काढा, ज्योत पडते! मूल स्वतः काडी काढतं, म्हणून ते लक्षात राहतं. मग विचारायचं, कढईतलं तेल पेटलं तर कुठली काडी काढशील? हवेची. म्हणजे मोठ्यांनी झाकण सरकवून ठेवायचं, गॅस बंद करायचा आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. जळत्या तेलावर पाणी कधीही नाही, तेल भडकून उडतं. हे काम मोठ्यांचं. मुलाचं काम एकच, ओरडून सांगायचं आणि लांब व्हायचं.

२. दोन हातांची रांगोळी. शेगडीपासून तीन फुटांच्या आत मुलांनी यायचं नाही, असा इथला नियम आहे. तीन फूट म्हणजे किती, हे पाच वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? आपल्याकडे जुनं माप आहेच की. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. दोन हात म्हणजे तीन फूट! आईच्या किंवा बाबांच्या हातानं दोन हात मोजायचे, जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर मार्करनं रांगोळीचे ठिपके काढायचे. पट्टी घट्ट बसवा, पाय अडकायला नको. घरातल्या आगी लागण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्वयंपाक आहे, आणि थँक्सगिव्हिंगचा दिवस त्यात वरचा. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे दिवस काय कमी तळणाचे असतात? रेघ मुलानं स्वतः काढलेली असली की तो आजीलासुद्धा बजावतो, "तळताना फोनवर बोलायला जाऊ नकोस हं!"

३. बीपची ताटली. कागदी ताटलीवर स्मोक अलार्मचं चित्र काढायचं आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायचं. "तीन बीप, थांबून पुन्हा तीन बीप: आग, बाहेर पळा." "चार बीप, थांबून पुन्हा चार बीप: विषारी वायू, बाहेर पळा." "मधूनच एक चिवचिव: बॅटरी संपली किंवा अलार्म जुना झाला." ही ताटली खास आजीआजोबांसाठी. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींना तो आवाज कसला हे कुणी सांगितलेलंच नसतं. एका आजींना कितीतरी दिवस घरात रातकिडा शिरल्यासारखं वाटत होतं! ताटलीच्या मागच्या बाजूला मूल स्वतःच्या अक्षरात घराचा पूर्ण पत्ता आणि ९११ लिहितं. इंग्रजी येत नसलं तरी "फायर" हा शब्द आणि पत्ता एवढं सांगता आलं, तरी पुष्कळ झालं. पण फोन बाहेर पडल्यावर करायचा, घरात उभं राहून नाही. ताटली आजींच्या पलंगाजवळच्या भिंतीवर लावा, खऱ्या अलार्मवर मात्र काहीही चिकटवू नका.

४. धुराची चादर. जुनी चादर घ्यायची, तिच्यावर करडा आणि काळा रंग, थोडा कापूस चिकटवून धुराचे ढग करायचे. दोघा मोठ्यांनी ती कमरेएवढ्या उंचीवर ताणून धरायची आणि मुलांनी खालून रांगत दारापर्यंत जायचं. ज्याचं डोकं ढगाला लागलं तो परत पहिल्यापासून. धूर गरम असतो म्हणून वर चढतो आणि श्वास घेण्यासारखी हवा खाली उरते, हे वेगळं समजवावं लागत नाही. वाटेत एक पुठ्ठ्याचं दार उभं करतो. त्याला हाताची मागची बाजू लावायची. एका बाजूला लाल कागद, म्हणजे दार गरम, उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. दुसऱ्या बाजूला निळा, म्हणजे हळूच उघडायचं आणि बाहेर पडताना मागे ओढून घ्यायचं. वर्गात सगळ्यात जास्त हशा याच खेळाला होतो, आणि सगळ्यात जास्त लक्षातही हाच राहतो.

५. दोन दरवाज्यांचा किल्ला. दिवाळीत किल्ला करायची आपली पद्धत इथेही काही घरांनी जपली आहे, अंगणात नाही तर गराजमध्ये. आम्ही बुटाच्या खोक्यांचा किल्ला करतो, पण तो असतो मुलाच्या स्वतःच्या घराचा. झोपायची खोली म्हणजे बालेकिल्ला, पुढचं दार म्हणजे महादरवाजा. मग विचारायचं, चोरदरवाजा कुठे आहे? रायगडाला चोरदिंडी आहे, मग आपल्या घराला दुसरी वाट नको? प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा मुलानं शोधायच्या आणि लोकरीच्या धाग्यानं दाखवायच्या. किल्ल्याच्या पायथ्याशी एक मावळा उभा करायचा. तो उभा आहे तिथे आपल्या घरातल्या सगळ्यांनी भेटायचं. कोपऱ्यावरचं झाड, समोरचा दिव्याचा खांब, काहीही चालेल, पण एकच आणि ठरलेलं.

इथे हिरकणीची गोष्ट सांगतो. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि बाळाच्या ओढीनं ती कड्यावरून उतरली, ही आख्यायिका आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांना आम्ही सांगतो, हिरकणी धाडसी होतीच, पण कड्यावरून उतरायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून दुसरा दरवाजा आधीच माहीत हवा. आणि एकदा गडाबाहेर पडलं की परत आत जायचं नाही. बाहुलीसाठी नाही, आयपॅडसाठी नाही, मनीमाऊसाठीसुद्धा नाही. आत कोण राहिलंय हे बंबवाल्यांना सांगायचं. दोन्ही वाटा बंद असतील तर? मग दार लावून घ्यायचं, फटीत कपडा कोंबायचा आणि खिडकीतून ठळक रंगाचं कापड हलवायचं. किल्ल्यावर लावलेला झेंडा त्याच आठवणीसाठी.

६. बंबवाल्याचा मुखवटा. तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, श्वासाचा घर्र घर्र आवाज. धुरातून असा माणूस आला तर मोठ्यांनासुद्धा धडकी भरेल. मूल त्याला राक्षस समजून आणखी आत लपतं. म्हणून कागदी ताटली, पारदर्शक प्लास्टिक आणि पुठ्ठ्याची नळी वापरून मुलं स्वतःच मुखवटा करतात, घालतात आणि घर्र घर्र श्वास घेत एकमेकांना शोधतात. ज्याला शोधलं त्यानं लपायचं नाही, हात वर करून "मी इथे आहे!" म्हणून ओरडायचं. मुखवट्यामागे आपलाच मित्र आहे हे एकदा पाहिलं की भीती जाते.

७. ज्वाळांचा शर्ट. बाबांचा जुना टीशर्ट घ्यायचा आणि त्याच्यावर लाल-पिवळ्या कागदाच्या ज्वाळा हलक्या चिकटपट्टीनं लावायच्या. मग थांबायचं, खाली पडायचं, दोन्ही हातांनी तोंड झाकायचं आणि गालिच्यावर लोळत राहायचं, सगळ्या ज्वाळा गळून पडेपर्यंत. कपड्याला आग लागली की माणूस पळतो, आणि पळण्यानं हवा मिळून ती वाढते. सणाच्या दिवशी आपल्या मुलींचे घोळदार परकर, ओढण्या आणि मुलांचे सैल झब्बे पणत्यांच्या ओळीतून फिरत असतात. त्यातलं कापड पुष्कळदा सिंथेटिक असतं, ते वितळून कातडीला चिकटतं. म्हणून पणत्या लावायच्या दिवशी सुती आणि अंगालगतचे कपडे बरे. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, १० ते २० मिनिटं. बर्फ नको, हळद नको, तूप नको, टूथपेस्टही नको. भाजणं मोठं असेल तर लगेच ९११.

भीती नको, अदब हवी

काही पालक विचारतात, "एवढं सगळं सांगितलं तर मुलं दिव्यालाही घाबरणार नाहीत का?" आमचा अनुभव उलटा आहे. ज्याला काय करायचं हे माहीत असतं, ते मूल घाबरत नाही. दिवा आपल्या घरात राहायलाच हवा. आरतीची निरांजनं, समईची ज्योत, तुळशीपुढची पणती हे सगळं मुलांनी डोळे भरून पाहावं. थोड्या मोठ्या मुलांना आपण शेजारी उभं राहून समई लावायलाही शिकवावं. कोरी मनाई केली की काडेपेटीचं कुतूहल पलंगाखाली जाऊन पुरं होतं. काडेपेटी किंवा लायटर दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं, एवढं मात्र लहानांना पक्कं ठाऊक असावं.

भाड्याच्या हॉलमध्ये आपण बॅटरीच्या पणत्या वापरतो, त्याही लहान मुलांच्या हातात देताना जपा. त्यातल्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर अन्ननलिका भाजते. अशा बॅटऱ्यांचे कप्पे मुलांना सहज उघडता येऊ नयेत यासाठी अमेरिकेत २०२२ साली कायदा झाला. तेव्हा स्क्रूनं बंद होणारी पणतीच घ्या. फटाक्यांचंही तसंच. इलिनॉयमध्ये बहुतेक फटाके घरी उडवायला कायद्यानं बंदी आहे, आणि फुलबाजीचे नियम गावोगावी वेगळे. आपल्याला साधी वाटणारी फुलबाजी सुमारे २००० अंश फॅरनहाइटपर्यंत तापते, हे मुलाच्या हातात देण्यापूर्वी आठवावं. आमच्या वर्गात मुलं लोकरीच्या आणि चमकीच्या फुलबाज्या करतात. त्या दिवाळी संपली तरी विझत नाहीत!

मोठ्यांचा गृहपाठ

मुलं किल्ला घेऊन घरी येतात तेव्हा खरी परीक्षा आपली असते. डेव्हनच्या आजूबाजूला विटांच्या दोन-तीन मजली जुन्या इमारती पुष्कळ आहेत, आणि त्यांना मागे लाकडी जिना असतो. हाच तो चोरदरवाजा! पण तिथे आपण काय ठेवतो? तांदळाची पोती, जुनी सायकल, रिकामी खोकी, कुंड्या. एका मुलानं वर्गात किल्ल्याचा चोरदरवाजा दाखवला आणि निरागसपणे म्हणाला, "पण तिथून जाता येत नाही, तिथे आमचं सामान आहे." दुसऱ्याच वीकेंडला ते सामान हललं, असं आईनं कळवलं. आम्ही दहा व्याख्यानं दिली असती तरी जे झालं नसतं, ते एका बुटाच्या खोक्यानं केलं.

दुसरी गोष्ट अलार्मची. हे सगळ्यांच्या घरचं गुपित आहे, म्हणून स्पष्टच बोलतो. फोडणी दिली की अलार्म वाजतो, कापूर लावला की वाजतो. मग कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढतं, नाहीतर प्लास्टिकची पिशवी बांधतं, आणि ते तसंच राहून जातं. रात्री सगळे झोपलेले असताना आपल्याला उठवणारा तोच एक जागा असतो, त्यालाच आपण झोपवतो! उपाय अवघड नाही. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब हवा. स्वयंपाकघराजवळ फोटोइलेक्ट्रिक जातीचा घ्या, तो फोडणीला उगाच कमी ओरडतो. आवाज तात्पुरता थांबवायचं बटण असलेले अलार्म मिळतात. फोडणीआधी पंखा लावा, खिडकी किलकिली करा. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा, आणि दहा वर्षं झाली की अख्खा अलार्म बदला. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत अलार्म असायला हवा, आणि भाड्याच्या घरात तो बसवून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. २०२३ पासून राज्यात बॅटरीवरचा जुना अलार्म बदलताना सर्वसाधारणपणे १० वर्षांच्या सीलबंद बॅटरीचा घ्यावा लागतो. त्यातून बॅटरी काढताच येत नाही, हे आपल्यासारख्यांसाठी बरंच म्हणायचं!

तिसरी गोष्ट देवघराची. जागेअभावी पुष्कळ घरांत देवघर भिंतीतल्या कपाटात असतं. वर कपड्यांची फळी, बाजूला लाकडी दार, मध्ये समई. दिवा उघड्या जागी, धातूच्या ताटात, वर काहीही लोंबत नसेल तिथे लावावा, आणि झोपण्यापूर्वी किंवा बाहेर जाण्यापूर्वी शांत करावा. अखंड दिवा हवा असेल तर विजेचा आहेच. देवाला चालतो!

शेवटचं, रात्रीचं ड्रिल. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये, एकदा दिवसा आणि एकदा झोपायच्या वेळी, घरच्या घरी करा. काही मुलं गाढ झोपेत अलार्मच्या आवाजानंसुद्धा उठत नाहीत, त्यांना कुणी उठवायचं हे ठरवा. आजोबांना जिना उतरायला कोण मदत करणार तेही ठरवा. झोपताना खोल्यांची दारं लावून घ्या, बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवतं. घड्याळ लावा आणि दोन मिनिटांत सगळे ठरलेल्या झाडाखाली जमतात का ते पाहा. पहिल्यांदा कुणीतरी चपला शोधत बसेल, कुणी फोन. हसा आणि पुन्हा करा.

तुमचा हातभार

आपल्यापैकी पुष्कळांची आता स्वतःची घरं झाली. उपनगरांत राहायला गेलो, आणि डेव्हनवर महिन्यातून एकदा सामानाला येतो. पण नवं आलेलं कुटुंब आजही भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात करतं. त्यांना मालकाला अलार्म मागायचा असतो हे माहीत नसतं, किंवा मागायला संकोच वाटतो. त्यांच्या आईवडिलांना बीप कळत नाही. त्यांच्या मुलांना किल्ला करायला खोकं मिळतं, पण कात्री घेऊन शेजारी बसणारं कुणी नसतं. या पुस्तिकेतल्या शुभेच्छांमधून आणि जाहिरातींमधून जमणाऱ्या पैशांतून आम्ही सात वस्तूंच्या सामानाची खोकी भरणार आहोत, आणि ज्या घरात अलार्म नाही तिथे अलार्म देणार आहोत. रेडक्रॉसही २०१४ पासून देशभर घरोघरी मोफत अलार्म बसवून देते. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ती माहिती मराठीत पोचवणं हेही आमचं काम.

पैसे देणाऱ्यांचे आभार आहेतच. पण पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. एका वीकेंडला दोन तास, कागद कापायला, चादर ताणून धरायला, मुखवट्याच्या नळ्या चिकटवायला या. निवृत्त मंडळींनी तर जरूर यावं, मुलांना हिरकणीची गोष्ट तुमच्याइतकी छान कुणाला सांगता येणार? स्टुलावर चढून अलार्म बसवू शकणारे तरुण हात तर आम्हाला हवेच आहेत. आणि येणं जमलं नाही, तरी आज रात्री एवढं करा. पुस्तिका खाली ठेवा, अलार्मचं बटण दाबा आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा, "आपला चोरदरवाजा कुठे आहे रे?"

दिव्यांचा हा सण आपल्या सर्वांना सुखाचा आणि सुरक्षित जावो, हीच शुभेच्छा!

– आपला बालविभाग